समासातलं व्याकरण

शाळेत एका तासाला वहीत समास सोडायला शिकवतात आणि पुढच्या तासाला समास सोडवायला. पानाच्या कडेची कोरी पट्टी आणि जोडशब्द, या दोन गोष्टींना मराठीत एकच नाव का, हे मला लहानपणी कधी उमगलं नाही. अरबी व्याकरणाची जुनी छापील पुस्तकं चाळायला लागल्यावर मात्र ते नाव मोठं शहाणपणाचं वाटू लागलं. त्या पुस्तकांत कडेची पट्टी कोरी नसतेच. तिथे दुसरंच एक पुस्तक छापलेलं असतं, आणि मधलं व कडेचं मिळून जे वाचायला मिळतं ते दोहोंपैकी एकातही नसतं. तो एका अर्थी समासच.

जवळचंच उदाहरण घेऊ. माहीमच्या मखदूम अली माहिमींच्या उरुसात संदलाचा पहिला मान मुंबई पोलिसांचा, हे मुंबईकराला माहीत असतं. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या या विद्वानानं 'तब्सीरुर्रहमान' नावाचं कुराणावरचं अरबी भाष्य लिहिलं, हे त्यामानानं थोड्यांना माहीत असतं. ते भाष्य हिजरी १२९५ मध्ये, म्हणजे १८७८ साली, कैरोला लागून असलेल्या बुलाक इथल्या सरकारी छापखान्यात दोन खंडांत छापलं गेलं. त्याच्या समासात कोण आहे? दहाव्या शतकातला अबू बक्र सिजिस्तानी, कुराणातल्या अवघड शब्दांचा आपला कोश घेऊन. माहीमचा माणूस पानाच्या मध्ये, सिजिस्तानी कडेला. दोघांत सुमारे पाचशे वर्षांचं अंतर, आणि छापखान्यानं त्या अंतराची केली एक बारीक रेघ.

अशा पानांकडे आजचे संपादक जरा नाक मुरडूनच पाहतात. गिचमिड छपाई, विरामचिन्हं नाहीत, परिच्छेद नाहीत, कोणत्या हस्तलिखितावरून छापलं याचा बहुधा पत्ता नाही. खरं संपादन म्हणजे मूळ ग्रंथ टीकांच्या गराड्यातून सोडवून स्वच्छ पानावर आणणं, असा एक समज गेल्या दीडशे वर्षांत पक्का झाला आहे. मला तो अर्धाच पटतो. ही गर्दीची पानं म्हणजे अरबी व्याकरण प्रत्यक्षात कसं वाचलं जात होतं याची सर्वांत प्रामाणिक नोंद आहे. आणि गंमत अशी, की ती वाचनपद्धत मोडायला सुरुवातही त्याच पानांनी केली.

अरबी व्याकरण छापण्याची सुरुवात अरबांनी केली नाही. १५८४ मध्ये रोमला कार्डिनल फेर्दिनांदो दे मेदिचीच्या पैशावर पौर्वात्य भाषांचा छापखाना निघाला. जोव्हान्नी बातिस्ता राइमोंदी हा त्याचा चालक, आणि अरबी खिळे कोरले रोबेर ग्रांजों या फ्रेंच कारागिरानं. ते खिळे आजही पाहावेत इतके देखणे आहेत. १५९२ मध्ये तिथून दोन व्याकरणं निघाली: इब्न आजुर्रूमचं छोटेखानी 'आजुर्रूमिया' आणि इब्न हाजिबचं 'काफिया'. (गझलेतला काफिया वेगळा, हा 'काफी'चा भाऊ.) पूर्वेकडे विकता यावीत म्हणून ती नुसती अरबीत छापली. तुर्की सुलतान तिसऱ्या मुरादचं युरोपीय व्यापाऱ्यांना अशी पुस्तकं विकू देणारं फर्मान याच छापखान्यानं १५९४ च्या आपल्या युक्लिडच्या शेवटी छापून टाकलं होतं. तरी माल पडून राहिला. याची कारणं पुष्कळ सांगतात: ख्रिस्ती हातांविषयीचा संशय, खिळ्यांच्या अक्षरांविषयीची नावड. मला त्यात आणखी एक कारण दिसतं. 'काफिया' या नावाचा अर्थ 'पुरेसं', पण ते पुस्तक कधी कुणाला पुरलं नाही. त्याच्यावर शंभराहून अधिक टीका लिहिल्या गेल्या, कारण ते पाठ करायला लिहिलेलं आहे, वाचायला नव्हे. ज्या विद्यार्थ्याला ते हवं होतं त्याला ते पाठ होतं, आणि ज्याला समजून घ्यायचं होतं त्याला हे उघडंबोडकं पुस्तक निरुपयोगी होतं. मेदिचींनी सूत्रं छापली, आणि बाजाराला हवं होतं भाष्य.

इस्तंबूलला इब्राहिम मुतेफेर्रिकानं १७२९ मध्ये आपल्या छापखान्याचा पहिला ग्रंथ काढला, तो एक शब्दकोश: जौहरीच्या 'सिहाह' या अरबी कोशाचं वानकुलीनं केलेलं तुर्की रूप. (जौहरी दहाव्या शतकातला; लाकडी पंख बांधून निशापूरच्या मशिदीच्या छतावरून उडायला गेला आणि पडून मेला, असं सांगतात. कोशकारांच्या चरित्रात एवढी गंमत क्वचितच सापडते.) सुलतानाची परवानगी कोश, इतिहास, भूगोल यांसारख्या विषयांपुरती होती, कुराण, हदीस, धर्मशास्त्र वगळलं होतं. व्याकरण आणि कोश ही जुन्या वर्गवारीत 'आला'ची, म्हणजे साधनांची शास्त्रं. म्हणून छपाईचं दार आधी त्यांना उघडलं. साधनाला हात लावला तर कुणाच्या श्रद्धेला धक्का बसत नाही, असा हिशेब असावा. साधन बदललं की त्यानं जे घडवायचं तेही बदलतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नसावं.

आता मुख्य साक्षीदाराकडे वळू. सीबवैही हा शिराझजवळचा, मुळात फारसी बोलणारा. बसऱ्याला खलील इब्न अहमदच्या हाताखाली शिकला आणि ७९६ च्या सुमारास, अजून तरुण म्हणावं अशा वयात, वारला. मागे एक प्रचंड ग्रंथ उरला. त्याला नाव नाही, प्रस्तावना नाही, समारोप नाही. लोक त्याला नुसतं 'अल-किताब' म्हणू लागले, आपल्या वैयाकरणांत नुसतं 'भाष्य' म्हटलं की पतंजलीचं, तसं. अरबी वाक्य का आणि कसं चालतं याचा पहिला, आणि अनेकांच्या मते शेवटचाही, संपूर्ण विचार त्यात आहे. पण तो वाचायला महाकठीण. मुबर्रद नावाचा नवव्या शतकातला वैयाकरण, कुणी त्याच्याकडे किताब शिकायला आला की आधी समुद्रप्रवास केला आहेस का म्हणून विचारायचा. त्यात दाखल्यादाखल दिलेल्या काव्यपंक्ती हजारावर. जर्मी या जुन्या अभ्यासकानं मोजल्या तेव्हा एक हजार पन्नास भरल्या, आणि त्यातल्या पन्नासांचे कवी त्यालाही सापडले नाहीत.

हा ग्रंथ अकराशे वर्षं हातानं लिहिला गेला आणि मग वीसएक वर्षांत तीन ठिकाणी छापला गेला. पॅरिसला हार्टविग देरेनबूरनं १८८१ आणि १८८९ मध्ये दोन खंड काढले. १८८७ मध्ये कलकत्त्याला एक आवृत्ती निघाली. आणि हिजरी १३१६ ते १३१८, म्हणजे १८९८ ते १९०० या काळात बुलाकनं दोन खंडांची आपली आवृत्ती काढली.

पॅरिसची आणि बुलाकची पानं शेजारी ठेवावीत. पॅरिसच्या पानावर वर सीबवैही, एकटा, ऐसपैस. खाली निरनिराळ्या हस्तलिखितांतले पाठभेद. प्रस्तावना फ्रेंचमध्ये. बुलाकच्या पानावर सीबवैही मध्ये. कडेच्या पट्टीत दहाव्या शतकातल्या बगदादच्या सिराफीच्या भाष्यातले वेचे. तळाशी अकराव्या शतकातल्या अंदलुसी शंतमरीचं, दाखल्याच्या कवितांवरचं विवरण. हा शंतमरी म्हणजे सांता मारियाचा, आजच्या पोर्तुगालमधल्या फारो गावचा. वरचा ओठ फाटलेला म्हणून त्याला 'अअलम' म्हणत, आणि ते टोपणनाव हजार वर्षं त्याच्या नावामागे लागून राहिलं. तर एका पानावर बसरा, बगदाद आणि अंदलुस. पॅरिसच्या पानाचा तळ विचारतो: लेखकाच्या हातून नेमका कोणता शब्द उतरला? बुलाकच्या पानाचा तळ विचारतो: लेखकानं ही कविता इथे कशाला आणली, आणि तिच्यानं त्याचं म्हणणं सिद्ध होतं का?

दोन्ही प्रश्न रास्तच. पण व्याकरणाचा प्रश्न दुसरा आहे. किताबच्या पहिल्याच प्रकरणाचा मथळा घ्या. शब्दांचे तीन प्रकार, नाम, क्रियापद आणि ही दोन्ही नसलेलं अव्यय, हे तिथे सांगायचं आहे. मथळा आहे मोजून सात शब्दांचा. त्यातला 'हे' म्हणजे कोणतं हे, अजून काहीच सांगितलेलं नसताना ते कशाकडे बोट दाखवतं, इथून सिराफीची चर्चा सुरू होते. पुढच्या शब्दांवर कोणते स्वर द्यायचे यालाही एकाहून अधिक उत्तरं आहेत, आणि प्रत्येक उत्तरानं वाक्याचा अर्थ थोडा सरकतो. अरबी लिपी ऱ्हस्व स्वर गाळून चालते, त्यामुळे हातानं लिहिणाऱ्याला तिथे गप्प बसता येतं. संपादकानं स्वरचिन्हं छापली की त्यानं एका पक्षाला मत दिलं. पान स्वच्छ आहे म्हणून ते तटस्थ आहे, असं नाही. बाजू घेतली आणि दुसऱ्या बाजूचं म्हणणं पानावर ठेवलं नाही, एवढाच त्या स्वच्छतेचा अर्थ.

याचा पुरावा युरोपातच मिळतो. गुस्टाफ यान यानं १८९५ ते १९०० मध्ये किताबचं जर्मन भाषांतर बर्लिनला छापलं. त्याच्या नावातच लिहिलेलं आहे की हे देरेनबूरच्या आवृत्तीवरून आणि सिराफीच्या भाष्याच्या आधारे केलं आहे. म्हणजे पॅरिसनं सिराफीला बाहेर ठेवून दहा-पंधरा वर्षं होतात न होतात, तोच बर्लिननं त्याला पुन्हा आत घेतलं. त्यावाचून भाषांतराचं पाऊल पुढे पडेना. हेच सिराफीचं भाष्य स्वतंत्र ग्रंथ म्हणून छापायला सुरुवात व्हायलाच १९८० चं दशक उजाडलं. तोवर बहुतेक वाचकांना तो भेटला तो बुलाकच्या समासात, तुकड्यातुकड्यांनी.

मराठी वाचकाला ही फाटाफूट नवी वाटू नये. देरेनबूरचा पहिला खंड निघाला त्याच्या एकच वर्ष आधी, १८८० मध्ये, मुंबई संस्कृत ग्रंथमालेत पतंजलीच्या महाभाष्याचा पहिला खंड निघाला. तिसरा १८८५ मध्ये. संपादक फ्रांत्स कीलहॉर्न, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले. त्यांनीही मूळ संहिता आणि पाठभेद दिले. कैयटाचा 'प्रदीप' आणि नागेशाचा 'उद्द्योत' बाहेर ठेवले. पुढे मुंबईच्याच निर्णयसागरनं महाभाष्य छापलं ते प्रदीप-उद्द्योतासकट, थरावर थर लावून. कीलहॉर्नची आवृत्ती कपाटात असलेल्या आणि निर्णयसागरची मांडीवर असलेल्या शास्त्र्याला आपण दोन वेगळ्या ग्रंथांना हात लावतो आहोत हे कुणी सांगावं लागत नव्हतं. आपल्या पोथ्यांत तर त्रिपाठी, पंचपाठी अशी नावंच होती: मध्ये मूळ, वर-खाली टीका, किंवा मध्ये मूळ आणि चारी बाजूंनी टीका. कैरो आणि पुणे यांनी एकमेकांकडून यातलं काही घेतलं असेल असं मी म्हणत नाही. पाठांतरावर उभं असलेलं कोणतंही शास्त्र कागदावर उतरलं की त्याचं पान असंच दिसणार.

आता माझ्या विरुद्ध बाजूचं म्हणणं, कारण ते दणकट आहे. मुहंमद अब्दुह हा इजिप्तचा मोठा सुधारक. मुलगा असताना त्याला तांता गावच्या मशिदीत आजुर्रूमिया शिकायला घातलं, तेही कफरावीच्या टीकेसह. दीड वर्षात त्याला अक्षर कळलं नाही. गुरुजी पारिभाषिक शब्दांची फैर झाडत, त्या शब्दांचे अर्थ कुणी सांगत नसे. पोरगा वैतागून पळून गेला. याच अब्दुहनं १९०० मध्ये अरबी विद्यांच्या पुनरुज्जीवनासाठी मंडळ काढलं, आणि त्या मंडळाच्या खटपटीतून इब्न सीदाचा 'मुखस्सस' हा अकराव्या शतकातला विषयवार कोश बुलाकला सतरा भागांत छापून निघाला. अहमद अल-शम्सी या अभ्यासकानं २०२० च्या आपल्या पुस्तकात हीच बाजू विस्तारानं मांडली आहे: एकोणिसाव्या शतकाच्या तोंडाशी विद्यार्थ्यांच्या हाती उरले होते ते उत्तरकालीन सारग्रंथ आणि त्यांच्यावरच्या टीका-उपटीका, मूळ थोर ग्रंथ एकतर युरोपात विकले गेले होते किंवा धूळ खात पडले होते, संपादकांनी आणि ग्रंथसंग्राहकांनी छपाईच्या जोरावर ते परत आणले.

हे खोटं नाही. खलीलचा 'किताब अल-ऐन' हा अरबीचा पहिला कोश. अक्षरं आलिफ-बे क्रमानं न लावता घशाच्या तळापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला. आपल्या वर्णमालेची आठवण यावी असा. बगदादला फादर अनास्तास करमली यांनी तो १९१४ मध्ये छापायला घेतला, आणि महायुद्धानं ते काम मध्येच तोडलं. संपूर्ण ऐन छापून हाती आला १९८० च्या दशकात. पहिला कोश शेवटी छापला गेला, कारण मदरशाच्या अभ्यासक्रमात त्याला जागा नव्हती आणि त्याला टीकांचा लवाजमा नव्हता. इब्न मदा या बाराव्या शतकातल्या कॉर्दोबाच्या काझीनं तर व्याकरणाच्या मुळावरच घाव घातला होता. शब्दाच्या शेवटचा स्वर कुठल्यातरी 'आमिल'मुळे, म्हणजे कारक शब्दामुळे बदलतो, ही सीबवैहीपासूनची कल्पनाच त्यानं नाकारली. बोलणारा माणूस बदलतो स्वर, दुसरा शब्द कसा बदलेल? हे पुस्तक शौकी दैफ यांनी १९४७ मध्ये कैरोला छापलं तेव्हा व्याकरण सोपं करू पाहणाऱ्यांना साडेसातशे वर्षांपूर्वीचा साथीदार मिळाला. समासाच्या राज्यात अशा बंडखोराला जागा मिळाली नसती, कारण समास मधल्या मजकुराशी भांडतो, पण त्याचं घर सोडून जात नाही.

एवढं मान्य करून मी माझ्या जागेवर परत येतो. 'टीकांनी मूळ झाकलं' असं म्हणणाऱ्यांनी 'खिजानतुल अदब' उघडून पाहावं. इब्न हाजिबचं काफिया हे पाठ्यपुस्तक. त्यावर तेराव्या शतकात रदी अस्तराबादीनं भाष्य लिहिलं. त्या भाष्यात ९५७ काव्यपंक्तींचे दाखले. आणि केवळ त्या दाखल्यांवर अब्दुल कादिर बगदादीनं सतराव्या शतकात कैरोला बसून हा ग्रंथ लिहिला. पाठ्यपुस्तकावरच्या भाष्यातल्या दाखल्यांवरचं पुस्तक! ऐकताना ऱ्हासाचा नमुना वाटावा. पण बगदादी एकेका ओळीमागची पूर्ण कविता शोधतो, कवीचं चरित्र देतो, पाठ तपासतो, आणि तसं करताना ज्या जुन्या पुस्तकांतले उतारे देतो त्यांतली काही आज कुठेच उरलेली नाहीत. बुलाकनं १२९९ मध्ये, म्हणजे १८८२ च्या सुमारास, हे चार खंडांत छापलं. समासात दाखल्यांवरचंच ऐनीचं दुसरं पुस्तक. 'मूळ' हवं असणाऱ्यांना मुळाकडे नेणारी वाट तिसऱ्या मजल्यावरच्या या टीकेतूनच जाते.

कोशांचं तसंच. मुर्तजा जबीदी आपल्या अवधातल्या बिलग्रामचा. सुरतेहून जहाज धरून अरबस्तानात गेला, येमेनमधल्या जबीद गावचं नाव लावू लागला आणि कैरोला स्थायिक झाला. तिथे त्यानं फिरोजाबादीच्या 'कामूस' या कोशावर 'ताजुल अरूस' नावाची टीका लिहिली. टीका म्हणायची इतकंच. मुळाच्या कितीतरी पट मोठी. एडवर्ड लेननं ज्या अरबी-इंग्रजी कोशावर आयुष्य घालवलं, ज्याचे खंड १८६३ पासून निघाले आणि जो अजून प्रमाण मानतात, त्याचा मुख्य आधार हीच टीका. तेव्हा ती छापलेलीही नव्हती. पहिले पाच भाग १८७० च्या आगेमागे निघून काम थांबलं. दहा खंड पूर्ण झाले १८९० च्या सुमारास.

लेनच्या शेजारी बसून जबीदीची हस्तलिखितं ताडून पाहणारा माणूस होता इब्राहिम दसूकी, बुलाकच्या छापखान्यातला मुसह्हिह. हा शब्द मला फार आवडतो. अर्थ 'शुद्ध करणारा', आपला मुद्रितशोधक. पण बुलाकचा मुसह्हिह नुसती काना-मात्रा तपासत नसे. तो अजहरमध्ये शिकलेला शेख असे. हस्तलिखितं जमवणं, पाठ ठरवणं, ग्रंथाच्या शेवटी छपाईची हकिकत लिहून सालाचा कालश्लोक जुळवणं ही त्याचीच कामं. नस्र हूरीनी यानं कामूसची बुलाक आवृत्ती तपासली, आणि १८५९ मध्ये अरबी लेखननियमांवर एक पुस्तक लिहिलं, तेही खास इजिप्तच्या छापखान्यांसाठी, असं नावातच सांगून. लेखनिकाचं हमजा हे चिन्ह कुठे बसवायचं हे चुकलं तर एक प्रत चुके. छापखान्यात हजार चुकतात. हूरीनीला हे कळलं होतं. देरेनबूरचं नाव मुखपृष्ठावर, आणि या शेखांची नावं शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. 'चिकित्सक संपादन' युरोपातून आलं असं म्हणताना या शेवटच्या पानांकडे कुणी पाहत नाही, याचा मला राग येतो.

ते चुकत नव्हते असं नाही. 'लिसानुल अरब' हा इब्न मन्जूरचा महाकोश बुलाकनं १८८३ ते १८९१ च्या दरम्यान वीस भागांत छापला. कैरोचे धनाढ्य ग्रंथवेडे अहमद तैमूर यांनी १९१६ च्या सुमारास त्यातल्या चुकांचं एक स्वतंत्र पुस्तकच काढलं, आणि पुढे त्याला जोड म्हणून दुसरा भाग. शुद्धिपत्राचं पुस्तक व्हावं, ही ग्रंथाची बदनामी आहे की त्याचा मान? मी मान समजतो. एवढ्या बारकाईनं चुका काढायला आधी तो सबंध वाचावा लागतो.

हिंदुस्थानात गोष्ट खिळ्यांनी सुरू झाली. फोर्ट विल्यम कॉलेजच्या आश्रयानं कलकत्त्याला व्याकरणाची पाठ्यपुस्तकं निघाली, आणि १८१७ मध्ये कामूसचे दोन खंड. म्हणजे बुलाकचा छापखाना जन्मालाही आला नव्हता तेव्हा. पण मदरशांनी उचलून धरला तो शिळाछाप. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळेवर मराठी पंचांग छापलं. त्याच तंत्रानं पुढे लखनौ, कानपूर, दिल्ली आणि मुंबईच्या शिळाप्रेसांनी अरबी-फारसी पुस्तकांचा पूर आणला. कातिब खास शाईनं कागदावर लिहितो, ते शिळेवर उतरतं, आणि हवं तितकं उठवता येतं. कातिबाला खिळेजुळाऱ्याचे काटकोन मान्य करायची गरज नाही. जामीनं आपल्या मुलासाठी काफियावर लिहिलेलं भाष्य, 'शरहे जामी' म्हणून ओळखलं जाणारं, एखाद्या शिळाछाप प्रतीत पाहा. मध्ये भाष्य, मुळाच्या शब्दांवर रेघ. दोन ओळींच्या मध्ये मुंगीएवढ्या अक्षरांत 'तो' म्हणजे कोण, 'त्याचं' म्हणजे कशाचं. आणि कडेला तिरप्या, वळत जाणाऱ्या ओळींत टिपा, प्रत्येक टीप संपली की १२ हा आकडा. हे १२ काय, याचा मी बराच काळ विचार केला होता. मग एका मौलवीसाहेबांनी सांगितलं: अक्षरांच्या हिशेबात 'ह' म्हणजे आठ, 'द' म्हणजे चार, 'हद', इथे हद्द संपली. मालेगावपासून देवबंदपर्यंतच्या मदरशांत काफिया अजून शिकवतात, आणि आजच्या ऑफसेट प्रतीसुद्धा पुष्कळदा त्याच जुन्या शिळाछाप पानांचे फोटो असतात. संगणकावर तिरपी ओळ आणि १२ कोण जुळवणार?

आणि इथेच मला छापील समासाविषयी तक्रार करायची आहे. हस्तलिखिताचा समास रिकामा मिळत असे. विद्यार्थी गुरूसमोर बसून तो भरत असे. पुढचा विद्यार्थी ती प्रत विकत घेऊन उरलेल्या जागेत आपलं लिहीत असे. आणि कधी पुढचा लेखनिक ही कडेची वाक्यं चुकून किंवा समजून मधल्या मजकुरात घेत असे. खुद्द किताबमध्ये हे झालेलं आहे. सीबवैहीचा शिष्य अखफश याचं, मुबर्रदसारख्या नंतरच्यांचं म्हणणं सीबवैहीच्या वाक्यांना लागून मजकुरात बसलेलं आहे. जनविएव्ह अम्बेर या फ्रेंच विदुषीनं १९९५ मध्ये किताबच्या हस्तलिखितांचा जो छडा लावला त्यातून दिसतं, की हाती असलेली परंपरा बहुतांशी मुबर्रदच्या हाताखालून गेलेली आहे. म्हणजे देरेनबूरनं समास काढून टाकून जो शुद्ध सीबवैही छापला, त्याच्या पोटात आधीच समास मुरलेला होता.

बुलाकनं आणि लखनौनं हा समास जपला, आणि जपताना भरून टाकला. छापलेल्या पट्टीत सिराफी बसला की तिथे दुसऱ्या कुणाला बसता येत नाही. कोणती टीप ठेवायची, कोणती गाळायची, हे एकदा छापखान्यात ठरलं की हजार प्रतींत तेच. सिराफीच्या कोणत्या वेच्यांनी किताब समजतो याचा निर्णय बुलाकच्या शेखांनी केला आणि तीन पिढ्यांनी तो सिराफीचाच निर्णय समजून वाचला. बोलत्या वर्गाचं छायाचित्र काढावं तसं ते झालं: माणसं सगळी आहेत, हात वर केलेला आहे, तोंड उघडं आहे. पुढच्या संपादकांनी छायाचित्रातली माणसं कापून एकाचंच मोठं चित्र काढलं. आजचे अभ्यासक किताबचा संदर्भ देताना पुष्कळदा दोन आकडे शेजारी लिहितात, एक देरेनबूरच्या पानाचा, एक बुलाकच्या.

बदरुद्दीन दमामिनी नावाचा इजिप्तचा वैयाकरण उतारवयात गुजरातेत आला, तिथून बहमनींच्या गुलबर्ग्याला, आणि १४२४ मध्ये तिथेच वारला. इब्न हिशामच्या 'मुग्नी' या वाक्यविचारावरच्या ग्रंथावर त्यानं भाष्य केलं होतं. त्याच्यामागे कैरोला शुमुन्नी नावाच्या पंडितानं त्याच्या चुका काढत त्याच ग्रंथावर आपलं पुस्तक लिहिलं. ही दोन्ही १८८८ च्या सुमारास कैरोला एकत्र छापली गेली: चुका काढणारा शुमुन्नी पानाच्या मध्ये, आणि दमामिनी, ज्याच्या चुका काढल्या तो, समासात. संगणकावर मी त्या छापाची एक जुनी प्रत पाहत होतो. छापलेल्या समासाच्याही बाहेर, कागदाच्या अगदी कडेला, बोटभर कोरी जागा होती. शुमुन्नी दमामिनीला एका मुद्द्यावर कोंडीत पकडतो त्या ओळीसमोर कुणीतरी तिथे पेन्सिलीनं दोन शब्द लिहिले होते, टीकाकारांचे नेहमीचे: 'फीहि नजर'. म्हणजे, इथे पुन्हा पाहायला हवं.